आजारपणात तेरेझा स्वतःला काय सांगत होती?



१ ऑक्टोबरला आपण बाल येशूच्या संत तेरेझाचा सण साजरा करतो. तपकिरी झगा, छातीशी क्रूस आणि ओंजळभर गुलाब अशी तिची तसबीर आपल्यापैकी अनेकांच्या घरी आहे. नावाचा मात्र गोंधळ होतो, म्हणून आधीच सांगून ठेवतो. स्पेनमधील आविलाची संत तेरेझा सोळाव्या शतकातली. तिचा सण १५ ऑक्टोबरला येतो. कोलकात्याच्या मदर तेरेसा आपल्या काळातल्या. आज जिच्याविषयी लिहीत आहे ती फ्रान्समधील लिझ्यू गावची, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी क्षयाने गेलेली. मदर तेरेसांनी व्रतबद्ध होताना जे नाव घेतले ते हिचेच.

निमित्त सणाचे असले तरी लिहिण्याचे कारण वेगळे आहे. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी मी घरोघर जातो. अलीकडे काही खाटांशेजारी, गोळ्यांची पाकिटे आणि पाण्याचा तांब्या यांच्या जोडीला, भिंतीवर चिकटवलेला एक कागद दिसतो. मी पूर्ण निरोगी आहे, माझे शरीर रोज बरे होत आहे, अशा अर्थाचे वाक्य त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते आणि आजारी माणसाने ते दिवसातून पुष्कळदा म्हणायचे असते. काहींना त्याने धीर येतो हे मी पाहिले आहे, त्यामुळे मी कधी कुणाला तो कागद काढायला सांगितलेले नाही. पण काही महिन्यांपूर्वी एका भगिनीने मला विचारले की, रोज शंभर वेळा हे वाक्य म्हणूनही या खेपेचा रिपोर्ट आधीपेक्षा वाईट आला, तर कमी काय पडले, माझे म्हणणे की माझा विश्वास? मला तिथे उत्तर सुचले नाही. प्रार्थना केली, ख्रिस्तप्रसाद दिला आणि निघालो. त्या रात्री तेरेझाचे चरित्र पुन्हा काढून बसलो. सेमिनरीत असताना ते वाचले होते, पण तेव्हा मी तरुण होतो, धडधाकट होतो आणि गुलाबांच्या पलीकडे फारसे काही पाहिले नव्हते.

तेरेझाचा जन्म २ जानेवारी १८७३ रोजी आलाँसाँ या गावी झाला. वडील लुई मार्टिन घड्याळजी होते. आई झेली बारीक लेस विणण्याच्या धंद्यात नाव कमावलेली बाई; तिचा व्याप इतका वाढला की नवऱ्याने स्वतःचे दुकान विकून तिच्या कामाला हात दिला. नऊ मुलांपैकी चार लहानपणीच दगावली. उरल्या पाच मुली, त्यांत तेरेझा शेंडेफळ. तीसुद्धा जन्मतः अशक्त, जगेल की नाही अशी. दूध पाजण्यासाठी तिला वर्षभर खेड्यातल्या एका शेतकरणीकडे ठेवावे लागले. तेव्हा आजारपण या घराला नवे नव्हते.

झेलीला स्तनाचा कर्करोग झाला. जून १८७७ मध्ये तीन थोरल्या मुलींना घेऊन ती लुर्डला यात्रेला गेली. पवित्र मरिया आपल्याला बरे करील अशी तिला आशा होती आणि मुलींना तर खात्रीच होती. बरे वाटले नाही. उलट प्रवासाने दुखणे वाढले. घरी परतल्यावर तिने आशेने वाट पाहणाऱ्या माणसांना धीर दिला आणि पुन्हा लेस विणायला बसली. २८ ऑगस्ट १८७७ रोजी ती गेली. तेरेझा तेव्हा साडेचार वर्षांची होती. लुर्डहून बरे न होता परत आलेल्या एका स्त्रीला ख्रिस्तसभेने २०१५ साली तिच्या पतीसह संतपद दिले, ही गोष्ट आपण लुर्डच्या पाण्याची बाटली घरी आणतो तेव्हा लक्षात ठेवण्यासारखी आहे.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मार्टिन कुटुंब लिझ्यूला, मामांच्या गावी राहायला आले. मामा औषधविक्रेते होते. पोलिन या बहिणीला तेरेझाने आईच्या जागी मानले, आणि पोलिन ऑक्टोबर १८८२ मध्ये गावातल्याच कार्मेल मठात गेली. पुढच्या वर्षी, २५ मार्च १८८३ पासून, दहा वर्षांची तेरेझा एका विचित्र आजाराने अंथरुणाला खिळली. अंगाला कंप सुटायचा, भलतेसलते भास व्हायचे, माणसे ओळखू येईनात. डॉक्टरांना रोगाचे धड नाव सांगता येईना. १३ मे रोजी, पेन्टेकॉस्टच्या दिवशी, तिच्या बहिणी खोलीतल्या मरियेच्या पुतळ्यापुढे गुडघे टेकून रडत प्रार्थना करीत होत्या. तेरेझाही पुतळ्याकडे वळली. पवित्र मरिया आपल्याकडे पाहून हसली असे तिला दिसले, आणि ती बरी झाली.

चमत्काराची गोष्ट बहुतेक पुस्तिकांत इथेच संपते. तेरेझाच्या आयुष्यात ती संपली नाही. लोक खोदून खोदून विचारू लागले तसतशी तिच्या मनात शंका शिरली की, आपण आजारपणाचे सोंग तर केले नव्हते ना? ते हसू आपण मनानेच रचले नसेल ना? ही शंका तिला अनेक वर्षे छळत राहिली. मन शरीराला आजारी पाडू शकते आणि बरेही वाटायला लावू शकते, ही गोष्ट या मुलीला दहाव्या वर्षापासून आतून ठाऊक होती. पुढे मोठ्या आजारात ती स्वतःच्या मनाच्या लहरींवर इतका कमी भरवसा का ठेवते, याचे मूळ मला इथे दिसते.

मठात जाण्यासाठी तिने काय काय केले, चौदाव्या वर्षी रोमला जाऊन प्रत्यक्ष पोप तेरावे लिओ यांच्याकडे परवानगी कशी मागितली, हे आपल्याला धर्मशिक्षणाच्या वर्गापासून माहीत आहे. ९ एप्रिल १८८८ रोजी, पंधराव्या वर्षी, ती कार्मेलमध्ये दाखल झाली. पुढची नऊ वर्षे बाहेरून पाहता काहीच घडले नाही. कपडे धुणे, वेदीची साफसफाई, नवदीक्षित मुलींना वळण लावणे, आणि नॉर्मंडीच्या थंडीत विनाशेगडीच्या खोलीत झोपणे. घरून मात्र वाईट बातमी आली. वडिलांच्या मेंदूवर परिणाम झाला आणि फेब्रुवारी १८८९ मध्ये त्यांना काँ शहरातल्या मनोरुग्णांच्या इस्पितळात ठेवावे लागले. मुली एकामागून एक मठात गेल्या म्हणून म्हाताऱ्याचे डोके फिरले, अशी कुजबूज गावात होती. ते तीन वर्षे तिथे होते आणि १८९४ मध्ये वारले. ज्या घरात मनाचा आजारी माणूस आहे त्या घराला तेरेझाविषयी जवळीक वाटायला हरकत नाही.

आता १८९६ सालच्या पवित्र सप्ताहाकडे वळतो. पवित्र गुरुवारच्या रात्री तिने मध्यरात्रीपर्यंत साक्रामेंतापुढे जागरण केले. खोलीत येऊन उशीवर डोके टेकते न टेकते तोच घशातून गरम काहीतरी वर आले. दिवा विझवलेला होता. तो पुन्हा लावून पाहावे असे वाटले, पण तिने स्वतःला आवरले आणि तशीच झोपली. पहाटे खिडकीशी जाऊन रुमाल पाहिला तर रक्ताने भिजलेला. त्या काळी याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नसे. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू १८८२ मध्ये शोधला होता, पण त्यावरचे पहिले गुणकारी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, हाती यायला १९४३ उजाडायचे होते. तेरेझाला भीती वाटली नाही, उलट आनंद झाला. वर आपले बोलावणे आले असे तिला वाटले. मठमातेला सांगून तिने शुभ शुक्रवारचा कडक उपवासही पाळला आणि दिवसभर काम केले. खिडक्यांची तावदाने पुसताना तिचा पांढराफटक चेहरा पाहून एका नवदीक्षित सिस्टरला राहवले नाही. (हे तिचे आपण कुणी करू नये. रक्त पडले तर उपवास नाही, दवाखाना.)

हा आनंद दोन-तीन दिवसच टिकला. ईस्टरच्या सुमारास तिच्या मनातून स्वर्गच नाहीसा झाला. लहानपणापासून जो तिला शेजारच्या गावाइतका खरा वाटे, तो आता विचारात आणला की समोर काळी भिंत उभी राही. मरणानंतर काही नाही, तू नुसती स्वतःची समजूत घालत आली आहेस, असे कुणी आतून चिडवावे तसे तिला होऊ लागले. हे एक-दोन दिवसांचे उदासपण नव्हते. मरेपर्यंत, म्हणजे दीड वर्ष, ही अवस्था राहिली. मठातल्या सिस्टर्सना याचा पत्ताही नव्हता. त्या काळात तिने स्वर्गसुखावर ज्या कविता रचल्या त्या वाचून सगळ्यांना वाटे की हिच्या आत्म्यात नुसता उजेड आहे. जून १८९७ मध्ये मठमातेसाठी लिहिताना तिने कबूल केले की त्या ओळींतले सुख आपल्याला जाणवत नाही. ज्यावर विश्वास ठेवायची इच्छा आहे तेवढेच आपण लिहिले आहे.

इथे मला थोडे थांबू द्या. तेरेझा रक्त थुंकत होती त्याच काळात फ्रान्समध्येच त्र्वा शहरात एमिल कूए नावाचे एक औषधविक्रेते होते. औषध देताना दोन धीराचे शब्द बोलले तर गुण लवकर येतो हे त्यांच्या लक्षात आले होते. पुढे नान्सी शहरात ते रुग्णांना विनामूल्य भेटू लागले आणि त्यांनी एक पद्धत बसवली : आपली प्रकृती दिवसेंदिवस सर्व बाजूंनी सुधारते आहे अशा अर्थाचे एक छोटे वाक्य, उठल्यावर आणि झोपताना, वीस-वीस वेळा पुटपुटायचे. मोजायला वीस गाठी मारलेली दोरी. रोझरीवर वाढलेल्या माणसालाच सुचेल अशी ही युक्ती! भिंतीवरच्या त्या कागदांचे मूळ शोधत गेले तर बरेचसे या सज्जन माणसापाशी पोहोचते. १९२६ साली ते वारले. त्यांच्याविषयी एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण त्यांचे आजचे अनुयायी ती विसरतात. डॉक्टरांचे औषध सोडा असे कूए कधी म्हणाले नाहीत. दोन्ही बरोबर चालू द्या असेच त्यांचे सांगणे होते.

कूए यांच्या वाक्याला मी नावे ठेवणार नाही. घाबरलेले मन त्याने शांत होत असेल, झोप येत असेल, तर ते देवाच्या देण्यांपैकीच एक आहे. अडचण फक्त एका ठिकाणी येते. ते वाक्य शरीराविषयी बातमी देते, आणि बातमी खोटी ठरू शकते. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या आमच्या एका प्राध्यापकांनी हा फरक लग्नाच्या उदाहरणाने समजावला होता. आज पाऊस पडतो आहे हे विधान झाले. बाहेर जाऊन पाहिले की ते खरे की खोटे ते कळते. पण वधूवर वेदीपुढे जे बोलतात ते विधान नसते. आपण कधी आजारी पडणार नाही असे ते सांगत नाहीत. आजारातही सोडणार नाही असे सांगतात. पुढे आलेला कोणताही रिपोर्ट त्या शब्दांना खोटे पाडू शकत नाही. ते मोडायचे तर माणसालाच मोडावे लागते.

तेरेझाचे आजारातले सगळे बोलणे या दुसऱ्या प्रकारचे आहे. आपण बरे होत आहोत असे ती स्वतःला सांगताना दिसत नाही. आपल्याला छान वाटते आहे असेही नाही. अंधार दाटून आला की ती येशूला सांगे की स्वर्ग आहे यासाठी मी रक्ताचा शेवटचा थेंबही देईन. आणि हे तिने नुसते म्हटले नाही : स्वतःच्या रक्ताने विश्वासांगीकार लिहून काढला आणि तो शुभवर्तमानाच्या छोट्या पुस्तकात, छातीशी, सतत बाळगला. बोलायला बळ नसे तेव्हा त्यावर हात ठेवायची. गेल्या एका वर्षात आपण विश्वासाचा उच्चार जितक्या वेळा केला तितका आधीच्या साऱ्या आयुष्यात केला नव्हता, अशी नोंद तिने केली आहे. म्हणजे पुनरुक्ती तिच्याकडेही होती. ती कूए यांच्या दोरीपेक्षा कमी नव्हती.

तिच्यासाठीही नोव्हेना झाल्या, हे विसरू नये. व्हिएतनाममधील हनोईला नवीन कार्मेल मठ निघाला होता आणि तेरेझाला तिथे पाठवावे असा विचार चालू होता. जायचे तर तब्येत हवी. म्हणून नोव्हेंबर १८९६ मध्ये, हनोईजवळ रक्तसाक्षी झालेले तरुण फ्रेंच धर्मगुरू थेओफान वेनार यांच्या मध्यस्थीने नोव्हेना सुरू झाली. नोव्हेना चालू असतानाच खोकला पुन्हा उसळला आणि हनोईचा विषय कायमचा मिटला. तिने वेनार यांच्यावर राग धरला नाही. पुढे आजाऱ्यांच्या खोलीत तिच्या खाटेच्या पडद्याला त्यांचेच चित्र टाचलेले होते. मार्च १८९७ मध्ये तिने दुसरी नोव्हेना केली, संत फ्रान्सिस झेवियर यांची, ज्यांचे शरीर आपल्या गोव्यात आहे. या वेळी तिने प्रकृती मागितलीच नाही. मरणानंतर पृथ्वीवर चांगले करत राहता यावे एवढेच मागितले. १९२७ साली पोपनी मिशनकार्याची आश्रयदाती म्हणून तिला झेवियर यांच्या बरोबरीने बसवले. कधीही मठाबाहेर न पडलेली ही मुलगी त्या महाप्रवाशाच्या शेजारी!

मे महिन्यात तिला रोज पाव तास बागेत फिरायला सांगितले होते. पाऊल उचलवत नसे. एका सिस्टरने पाहिले आणि बसायला सांगितले, तेव्हा तिने समजावले की दूरदेशी कुठेतरी एखादा मिशनरी चालून थकला असेल, त्याच्यासाठी आपण चालतो आहोत. चीनमध्ये काम करणाऱ्या एका तरुण धर्मगुरूशी तिचा पत्रव्यवहार होता. ते पाऊल आपल्या तब्येतीसाठी आहे की नाही याचा हिशेब तिने बाजूला ठेवला होता.

८ जुलै १८९७ रोजी तिला खाली आजाऱ्यांच्या खोलीत आणले. लहानपणी हसलेला तो मरियेचा पुतळाही खाटेसमोर आणून ठेवला. आता मात्र तो हसला नाही. ३० जुलैला रुग्णाभ्यंग झाले. उपचार म्हणजे पाठीवर तापलेल्या सुईचे डाग, फोड आणणारे लेप आणि न आवडणारे दूध. आतडीही क्षयाने कुजत गेली. वेदना शमवणारी इंजेक्शने तिला दिली गेली नाहीत; मठमातेला ते पसंत नव्हते. या ठिकाणी मी मठमातेच्या बाजूने एक शब्दही लिहिणार नाही. पोप बारावे पायस यांनी १९५७ साली स्पष्ट केले आहे की वेदना कमी करणारे औषध घेणे ख्रिस्ती माणसाला पूर्णपणे योग्य आहे. आपल्यापैकी कुणी ते नाकारून क्रूस मोठा करायला जाऊ नये, आणि घरच्यांनी आजाऱ्याला तसे सुचवूही नये.

ऑगस्टच्या त्या दिवसांत तेरेझाने सेवा करणाऱ्या सिस्टर्सना एक सूचना दिली, जी पवित्र चित्रांच्या मागे छापली जात नाही. फार वेदना असलेल्या माणसाच्या हाताशी विषारी औषधाची बाटली ठेवू नका, असे तिने बजावले; विश्वास नसता तर आपण क्षणाचाही विलंब न करता जीव दिला असता. अंथरुणावरच्या माणसाच्या मनात असा विचार येतो आणि तो कुणाला सांगता येत नाही म्हणून आणखी जळतो, हे मला पापनिवेदनाच्या बाहेरही माहीत आहे. तो विचार ख्रिस्तसभेच्या धर्मपंडितेच्याही मनात आला होता, आणि तिने तो बोलून दाखवला होता. बोलून दाखवल्यामुळे बाटली दूर ठेवता आली.

१९ ऑगस्टला तिने शेवटचा ख्रिस्तप्रसाद घेतला. त्यानंतर अशक्तपणा आणि उलट्या यांमुळे तिला तो घेता आला नाही. सहा आठवडे. माझ्या यादीतल्या ज्या आजाऱ्यांना गिळता येत नाही, त्यांच्या नातेवाइकांना मी हे मुद्दाम सांगतो. प्रार्थनेचेही तसेच. रोझरी एकटीने म्हणणे हे तिला देहदंडापेक्षा जड जाई, ही कबुली तिने स्वतः लिहून ठेवली आहे. ऑक्टोबर महिन्यात हे छापताना मला थोडी धास्ती वाटते, पण खरे आहे ते आहे. मन अगदी कोरडे पडले की ती एकच प्रभूची प्रार्थना आणि एकच नमो मरिया, अतिशय सावकाश, म्हणायची. प्रार्थनेत झोप लागली तर वाईट वाटून घेत नसे; मुले झोपली तरी आईबापांना आवडतातच, आणि शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टर रोग्याला झोपवतातच, असा तिचा हिशेब होता. एका रात्री तिची बहीण सेलिन, जी मठात तिची सेवा करीत होती, ती जागी आहे असे पाहून चौकशीला आली. झोप येत नाही म्हणून प्रार्थना करते आहे, असे कळले. येशूला काय सांगते आहेस, असे विचारल्यावर उत्तर मिळाले की काहीच नाही, नुसते त्याच्यावर प्रेम करते आहे. शब्दांची गरज तिथे संपली होती.

ती चेष्टाही करायची, हेही सांगायला हवे, नाहीतर हे सगळे फार काळे होईल. डॉक्टरांची, स्वतःच्या हाडकुळ्या हातांची, आपल्या मरणाच्या मुहूर्ताची. खोलीबाहेर बोललेले कधी कधी तिच्या कानावर येई. एक सिस्टर दुसरीला म्हणत होती की ही गेल्यावर मठमातेने हिच्याविषयी लिहायचे तरी काय, हिने सांगण्यासारखे काहीच केलेले नाही. ते ऐकून तिला बरेच वाटले.

शेवटचे दोन दिवस श्वास कोंडत होता. इतके सोसावे लागेल असे आपल्याला कधी वाटले नव्हते, हे तिने लपवले नाही. ३० सप्टेंबर १८९७ च्या संध्याकाळी, सात वाजून गेल्यावर, हातातल्या क्रूसाकडे पाहत देवावर आपले प्रेम आहे एवढे बोलून ती गेली. दफनाला मोजकी माणसे होती. वर्षभराने तिच्या आठवणींचे पुस्तक निघाले, दोन हजार प्रती. ते इतके पसरले की १७ मे १९२५ रोजी तिला संतपद मिळाले आणि १९९७ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी तिला धर्मपंडिता घोषित केले. पहिल्या आवृत्त्यांत बहिणीने मजकुरावर बराच हात फिरवला होता. तिने लिहिले तसे १९५६ मध्येच बाहेर आले. चित्रांचेही तसेच झाले. सेलिन मठात कॅमेरा घेऊन आली होती, पण तिने स्वतःच नंतर बहिणीचा चेहरा रंगवून गोड केला. आपल्या घरातल्या तसबिरी त्या वळणाच्या.

एक फोटो मात्र तसाच राहिला आहे. ३० ऑगस्ट १८९७ चा, जिवंतपणीचा शेवटचा. चाकाच्या खाटेवर तिला मठाच्या ओसरीत आणले आहे. चेहरा सुकलेला आहे, डोळे खोल गेले आहेत, हातात क्रूस आहे. हसण्याचा प्रयत्न आहे की नाही ते नीट सांगता येत नाही. त्याची एक प्रत मी मागवली आहे. येत्या पहिल्या शुक्रवारी त्या भगिनीकडे जाईन तेव्हा ती घेऊन जाणार आहे. भिंतीवरचा कागद तिला ठेवायचा असेल तर राहू दे. शेजारी जागा आहे.

तुमचा,
धर्मगुरू